‘आईच्या हातची चव’ आणि बाकीच्यांचे हात

दर दोन-तीन महिन्यांनी तो मजकूर फिरून येतो. अमेरिकेतल्या लोकांनी घरी रांधणं सोडलं, म्हणून तिथली कुटुंबं मोडली. आता आपला नंबर आहे, तेव्हा भगिनींनो, घरची चूल विझू देऊ नका. खाली पितळी डब्यांची मांडणी आणि नऊवारीतल्या एका प्रसन्न आजींचं चित्र. या वेळी तो आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी टाकला. त्यांच्या सुनेने ज्या आठवड्यात घरी पोळ्या लाटणं बंद करून कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणायला सुरुवात केली, नेमका त्याच आठवड्यात. मग व्हायचं ते झालं. एका भाचीने लिहिलं की स्वयंपाकघर म्हणजे बायकांचा तुरुंग, त्याला कुलूप लागलं तर बरंच, ॲपवर बोट दाबलं की अर्ध्या तासात जेवण दारात येतं. त्यावर ‘आईच्या हातची चव ॲपवर मिळते का?’ असा उलटा प्रश्न आला आणि त्याला भरभरून बदाम मिळाले. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस निघाला आणि सगळे केकच्या फोटोकडे वळले. सूनबाई या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. पोळ्या मात्र अजून केंद्रातूनच येतात, असं ऐकते.

वाद एवढा रंगला, पण एका गोष्टीवर दोन्हीकडच्यांचं एकमत होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. स्वयंपाक बाईचा, हे दोघांनीही धरूनच चाललेलं. एकाचं म्हणणं तिने तो प्रेमाने करत राहावा, दुसरीचं म्हणणं तिला त्यातून सोडवा. घरात आणखी तीन-चार जणांचे हात आहेत, त्यांचं काय करायचं, हे कुणीच विचारलं नाही. माझं मत सांगते. घरी रांधणं टिकावं असं मला वाटतं, काकांना वाटतं त्याहून कदाचित जास्तच. पण त्यात टिकवण्यासारखी गोष्ट चव नाही, अंदाज आहे. टोपलीत दोन वांगी, अर्धा कोबी आणि कालची भाकरी आहे, जेवायला चार माणसं आहेत, सव्वासात वाजलेत, तर आता काय करायचं, हे ज्याला न घाबरता कळतं त्याला स्वयंपाक येतो. हे कसब आहे. ते आईपणातून येत नाही, रोज करून येतं. आणि ‘आईच्या हातची चव’ या तीन शब्दांनी आपण त्या कसबाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुठल्या ॲपने केलं नसेल.

काकांच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं, कारण ते थोडं नाही. बाहेरच्या भाजीत तेल जास्त असतं. तेलाने तकाकी येते आणि चुका झाकल्या जातात. तेच रोज खाल्लं तर पोट आणि खिसा दोन्ही कुरकुरतात. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चातले १०.६४ टक्के पेयं, खाऊ आणि तयार पदार्थांवर जाताना दिसले. दूध, भाजी, धान्य, यांतल्या कुठल्याही गटापेक्षा हा आकडा मोठा. काकांनी हा आकडा पुढे केला असता तर मी क्षणभर गप्प बसले असते. पण मग त्याच पाहणीतला दुसरा आकडाही दाखवला असता: ग्रामीण भागात ९.६२ टक्के, आणि तिथेही खाण्यापिण्यातला सगळ्यात मोठा गट हाच. म्हणजे शहरातल्या नोकरदार सुनेने पोळ्या विकत आणल्या म्हणून हे घडलं, हे गणित बसत नाही. गावच्या टपरीवर पाच रुपयांची कुरकुरीत पुडी आणि बाटलीतलं रंगीत पाणी टांगलेलं असतं, ते काही दिवसभर खुरपून आलेली बाई आळशी झाली म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. काही ज्ञान खरोखरच पुसलं जातंय. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळं नुसती चिरून परतली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. सोबत काकडं नावाची आंबट फळं घालावी लागतात, म्हणून दोन्हींचे वाटे शेजारी शेजारी मांडलेले असतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, कोवळं कुठपर्यंत ते नखाने बघायचं. ज्या घरातून हे गेलं तिथे व्हिडिओ बघून ते सहजी परत येत नाही. टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली ही नावंसुद्धा आमच्या मुलांच्या तोंडी नाहीत. हे नुकसान मी हलकं समजत नाही. फक्त एक विचारते. आईच्या हातच्या चवीसाठी आज जे गळा काढतात, त्यांच्यापैकी किती जणांनी तिच्याजवळ बसून एकदा तरी शेवळं साफ केली होती?

आता तो अमेरिकेचा दाखला. एखाद्या समाजात जेवण बाहेरून येऊ लागलं आणि त्याच काळात घटस्फोटही वाढले, तर एकामुळे दुसरं झालं असं म्हणायला केवढा धीर लागतो! त्याच काळात तिथे घरोघरी रंगीत टीव्हीही आले होते. सिंगापूरची साधी माणसं रोजचं जेवण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात घेतात, म्हातारे आईबाप आणि पोरंबाळं एकाच टेबलाला. युनेस्कोने २०२० साली त्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. पण सिंगापूर कशाला, परळ-लालबागला जाऊ. कोकणातून, साताऱ्याकडून आलेले गिरणी कामगार. बायकामुलं गावी, इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गडी, आणि जेवण खानावळीत. खानावळवाली बहुधा कुणा कामगाराचीच बायको. चाळीतल्या खोलीत एवढ्या जणांचं दोन वेळचं रांधायचं, पैसे पगाराच्या दिवशी, तोवर किराणा उधार आणि डोक्यावर सावकाराचं व्याज. त्या व्याजातून या बायकांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांची कर्जं मिळवून दिली. मग वर्षानुवर्षं परक्या बाईच्या हातचं जेवलेल्या या लोकांची कुटुंबं मोडली का? उलट त्यांच्या मनिऑर्डरींवर गावची घरं उभी राहिली. जी मोडली ती १९८२ च्या संपानंतर, आणि त्याला खानावळ कारण नव्हती. पुण्यात वार लावून जेवणारी, माधुकरी मागणारी मुलंही सात घरच्या सात हातांचं खाऊनच मोठी झाली.

स्वयंपाकघरातलं काम बाहेर जाणं ही काही आजची गोष्ट नाही. पहाटे उठून जातं ओढल्याशिवाय गावात दिवस उगवत नव्हता, त्याला फार काळ लोटलेला नाही. त्या जात्यावर बायकांनी गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. त्या ओव्या वाचताना आपला गळा दाटून येतो. जातं मात्र कुणालाच परत नको असतं. पिठाची गिरणी आली तेव्हा ‘गिरणीचं पीठ तापतं, चव जाते’ म्हणणारे असणारच. ते जातं ओढणाऱ्यांपैकी नसावेत, एवढं मी पैजेवर सांगेन. पुढे मसाला डंकावर गेला, कुरडया आणि शेवया बचत गटाकडे गेल्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी गच्चीवर बसून पापड लाटले, ८० रुपये उसने घेऊन, आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. आज पापड विकत आणला म्हणून कुठल्या सुनेला कुणी बोलतं का? मग पोळीलाच एवढं सोवळं कशाला?

सोवळं हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. ‘आम्ही बाहेरचं खात नाही’ या वाक्यात तब्येत फार अलीकडे शिरली. त्याआधी त्याचा सरळ अर्थ असा होता की रांधणारे हात कुठल्या जातीचे ते ठाऊक नाही. घरचं अन्न पवित्र, बाहेरचं विटाळलेलं, ही वाटणी पोषणशास्त्राने केलेली नाही. आणि ‘मराठी घरचं जेवण’ म्हणून जे चित्र रंगवलं जातं त्यातलं घर तरी कुणाचं असतं? वरण-भात, वर तुपाची धार, लिंबाची फोड, मेतकूट. मलाही ते आवडतं. ताप उतरल्यावर मऊ भात आणि मेतकूट याशिवाय मला दुसरं काही जात नाही, हे कबूल करते. पण ज्यांच्या लहानपणीच्या आठवणीत सुकटीचा वास आहे, वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, रक्ताची रक्ती आहे, त्यांनी गहिवरून काही लिहिलं तर या ग्रुपवर किती बदाम पडतील? शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली तेव्हा पुस्तकाचं नाव ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असं ठेवलं. त्या एका ‘अ’ मध्ये काकांच्या मजकुराला पुरेसं उत्तर आहे.

बरं, ही परंपरेची चव तरी किती जुनी? उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चारही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. ज्ञानोबा-तुकोबांपैकी निदान ज्ञानोबांनी तरी यातलं एकही पाहिलेलं नाही. तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात साबुदाण्याचे कारखाने निघाले ते दुसऱ्या महायुद्धात, बाहेरचा माल अडला तेव्हा. एकादशी जुनी आहे, खिचडी नाही. रोजच्या गव्हाच्या पोळीचीही तीच गत. देशावर जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी. पोळी सणाला, नाहीतर पाव्हणा आला तर. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेला गहू, मग हरितक्रांती, रेशनचं दुकान, असं होत होत ती बहुतेक घरांत रोजच्या ताटात आली. पुढच्या पिढीने पोळी लाटली नाही तर कुटुंबसंस्था बुडेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्या आजीला ती रोज लाटावीच लागत नव्हती.

आणि आठवण सगळं कुठे ठेवते! १९७२ च्या दुष्काळात परदेशातून लाल ज्वारी आली होती, तिला सगळे मिलो म्हणत. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळे. माझी आई बार्शीकडची, तेव्हा पंचविशीत होती. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की आजही तिचं तोंड वाकडं होतं. लाखो घरांनी ती भाकरी खाल्ली, आईच्याच हातची खाल्ली. तिच्यावर कुणी हळवं होताना पाहिलंय? आजकाल हायवेवर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’ अशा पाट्या दिसतात, परवा तर ‘चुलीवरचा चहा’ दिसला. धुराची चव शहरी जिभेला आवडते. तो धूर तीस-चाळीस वर्षं डोळ्यांत आणि छातीत घेतलेल्या बायकांना २०१६ नंतर उज्ज्वलाची शेगडी मिळाली, तेव्हा त्यांच्यापैकी कुणी ‘चव गेली’ म्हणून सिलिंडर परत केला नाही. परवडलं नाही म्हणून पुन्हा चुलीकडे वळल्या त्या वेगळ्या.

आमच्याकडच्या एका ‘पारंपरिक’ चवीची गोष्ट सांगते. आईची कटाची आमटी नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी निथळून घ्यायचं, आम्ही त्याला येळवणी म्हणतो, आणि त्याची चिंच, गूळ, काळा मसाला, भाजलेलं खोबरं घालून आमटी करायची. मुळात ही आमटी म्हणजे काही फुकट घालवायचं नाही म्हणून निघालेली युक्ती. पण आईच्या आमटीला एक किंचित कडसर, धुरकट चव असते, ती दुसऱ्या कुणाच्या आमटीला येत नाही. माझ्या भावाने तिच्यावर एकदा पंगतीत छोटं भाषणच केलं. त्या रात्री भांडी आवरताना मी विचारलं, ती चव कशाची गं? ती म्हणाली, “कांदा करपायचा. एका वैलावर पोळ्या, एकावर आमटी, खाली तुम्ही दोघं रांगताय, लक्ष कुठं कुठं द्यायचं? तुमच्या वडलांना तीच गोड लागाया लागली. मग मी मुद्दाम करपवायला लागले.” भावाला मी हे अजून सांगितलेलं नाही.

या गोष्टीत मला आईचं प्रेम दिसत नाही असं नाही. पण त्याआधी दिसते ती एकटीच्या अंगावर पडलेली दोन चुलींची कसरत, आणि बिघडलेलं सावरून घ्यायची, नंतर तेच मुद्दाम करायची हुशारी. आपण त्या हुशारीला माया म्हणतो आणि विषय संपवतो. मायेला प्रशिक्षण लागत नाही, सुट्टी लागत नाही, मोबदला तर नाहीच नाही. मायेची नक्कलही करता येत नाही, म्हणजे बाकीचे शिकण्यातून सुटले. ‘तुझ्यासारखं मला जमणारच नाही’ हे घरातल्या पुरुषाच्या तोंडचं वाक्य स्तुती म्हणून ऐकू येतं. ते राजीनामापत्र असतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली, तेव्हा घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७. शिवाय हे ९७ सुद्धा सगळ्या पुरुषांचे नव्हेत, जे मुळात काही करतात त्यांचे. आणि असे पुरुष शंभरात २६ निघाले.

पुरुषांना स्वयंपाक जमत नाही म्हणावं तर लग्नाच्या हजार पानांचा आचारी पुरुष असतो. शेतावर मटणाचा बेत ठरला की पातेल्याशी पुरुषच उभे असतात आणि बायकांना तिथे लुडबुड करू देत नाहीत. हॉटेलचा वस्ताद पुरुष. म्हणजे जिथे पैसा नाहीतर वाहवा आहे तिथे हात चालतात. मंगळवारी संध्याकाळी दुधी चिरायचा म्हटलं की ते लुळे पडतात. आमच्या सोसायटीतली किती मुलं एमएस करायला अमेरिकेत गेली. जाताना बॅगेत कुकर आणि गोडा मसाला. इथे ज्यांनी पाण्याचा पेला उचलला नव्हता, ते सहा महिन्यांत टेक्सासात चौघांची पाळी लावून रांधायला लागले. कुणाची उसळ, कुणाचा पुलाव, एकजण तर व्हिडिओ कॉलवर मला भोगीची भाजी दाखवत होता. चव जनुकांत असती तर हे झालं नसतं. वाईट याचं वाटतं की यातले बरेच जण लग्न झाल्यावर सगळं विसरले. दोन वर्षं रोज केलेलं काम माणूस इतक्या चटकन कसा विसरतो?

आईजवळ बसून शिकण्याची साखळी आपल्यापासून तुटली, हाही एक समज. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घरोघरी गेलं, कारण त्यात वाटी-चमच्याची मापं होती. ती मापं कुणाला हवी होती? नोकरीच्या गावी बिऱ्हाड केलेल्या, सासू-आई दोघीही लांब असलेल्या मुलींना. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच कितीतरी जणींनी छापील मापावरून सुरुवात केली होती. त्यांचीच मुलं आज त्या जेवणाला पिढ्यान्पिढ्यांची चव म्हणतात. मला यात खोटं काही वाटत नाही, उलट धीर वाटतो. पुस्तकातून सुरू झालेलं हातात उतरू शकतं. फक्त हात रोज चालायला हवा.

आता भाचीकडे वळते, नाहीतर तिला वाटेल मावशी तिच्याच बाजूची आहे. स्वयंपाकघराला कुलूप लावलं की काम संपत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जातं. पोळी-भाजी केंद्रात शेगडीसमोर सकाळपासून उभी राहून पोळ्यांच्या चळती लावणारी बाईच असते. तिच्या घरी पोळ्या कोण करतं? तीच, पहाटे उठून. दारात अर्ध्या तासात डबा आणणारा पोरगा भर उन्हात सिग्नल तोडत येतो आणि स्वतः वडापाव खातो. यात सुटका झाली ती ज्याला परवडतं त्याची. मी केंद्राच्या विरोधात मुळीच नाही. विकतची पोळी ही मला काकांच्या सुनेने काढलेली शहाणी वाट वाटते. लाटण्याचं काम विकत घ्यावं, करणाऱ्या बाईला नीट पैसे द्यावेत, पोळीमागे रुपया वाढवला तर घासाघीस करू नये. पण काय खायचं, किती, शिल्लक कशात घालायचं, हा अंदाजही विकत घ्यायचा ठरवलं तर तो आपल्यासाठी कुणीतरी दुसराच बांधेल, आणि तो आपल्या पोटाचा विचार करून बांधेलच असं नाही. तुरुंगातून बाहेर पडताना शिधा-भांडी तिथेच टाकून यायची का, हा साधा हिशेब आहे. नोकरी गेली, आजारपण आलं, परगावी बदली झाली, कोरोनासारखी टाळेबंदी लागली, की त्या भांड्यांची आठवण येते. २०२० च्या एप्रिलमध्ये कोथिंबीर निवडायला शिकलेले किती तरी गृहस्थ मला माहीत आहेत.

माझ्या मुलाला मी त्याच काळात भाकरी शिकवली. शिकवली म्हणजे बाजूला उभी राहिले आणि बोलले नाही. हे फार अवघड गेलं. पहिल्या दिवशी भाकरी परातीतच फाटली. पीठ जुनं होतं, विरी गेलेली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते धरून ठेवायचं तर पाणी उकळतं घ्यावं लागतं, आणि पीठ जितकं जुनं तितकं गरम. दुसऱ्या दिवशी थापता आली, पण तव्यावर टाकल्यावर पाणी फिरवायला उशीर केला. पिठाची बाजू वर येते, तिच्यावर ओला हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटायची. सुकलं की तडे जातात आणि मग ती फुगत नाही. केव्हा उलटायची हे त्याने मला पाच-सहा वेळा विचारलं. मी म्हटलं, वरची चकाकी जाताना दिसली की. “म्हणजे किती सेकंद?” त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. घड्याळ चुकलं, कारण गॅस रोज तेवढाच मोठा नसतो. अकराव्या की बाराव्या दिवशी घड्याळ आपोआप बाजूला राहिलं. भाकरी आचेवर टम्म फुगली, पापुद्रा सुटला. तो जेवायला बसला आणि शिळ्या दोन उरल्यात त्यांचं उद्या काय, असं त्यानेच विचारलं. मला भाकरी फुगल्यापेक्षा या प्रश्नाचा जास्त आनंद झाला. सकाळी त्याने त्या कुस्करून कांदा-लसणाच्या फोडणीत परतल्या. मीठ जास्त झालं होतं. त्याच्या भाकरीला माझ्या भाकरीची चव नाही. ती जरा जाड असते आणि कडेला करकरीत. उद्या त्याच्या मुलांना तीच खरी वाटेल, आणि माझी मऊ भाकरी पचपचीत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आईला फोन केला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. म्हटलं, तू एवढी वर्षं सगळ्यांना करून घातलंस, तुला स्वतःला कुठली चव आठवते? मला वाटलं होतं ती आजीच्या शेंगोळ्यांचं नाव घेईल, नाहीतर हुरड्याचं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “तुझ्या वेळचं बाळंतपण. आत्याबाई सव्वा महिना राहिल्या होत्या. खाटेवर बसल्या जागी ताट यायचं.” मी विचारलं, काय असायचं ताटात? बाजरीची भाकरी? शेपू? खीर?

“ते कुठलं आठवायला,” ती म्हणाली. “गरम असायचं.”